व्हिटॅमिन एची कॅप्सूल डोळ्यांत पिळू नका

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणारा संदेश असा: ‘व्हिटॅमिन एची कॅप्सूल सुईने टोचून रोज रात्री एकेक थेंब डोळ्यांत घाला. कोरडेपणा मुळापासून जातो. परदेशात डॉक्टर हेच देतात. जीवनसत्त्वच ते, अपाय कसला?’

अपायाचंच आधी सांगते. कॅप्सूल गिळण्यासाठी बनवलेली असते. डोळ्यांचे थेंब निर्जंतुक असावेच लागतात, कॅप्सूलमधल्या तेलावर तसं बंधन नाही. त्यात कोरड्या बुबुळावर आधीच बारीक ओरखडे असतात. तिथे जंतू शिरले तर अल्सर होतो, आणि तो भरला तरी मागे राहणारा पांढरा डाग नजर कायमची अधू करू शकतो. इतका धोका कशासाठी पत्करायचा?

परदेशातलं म्हणणं अर्धं खरं आहे. तिथे मिळणाऱ्या एका निर्जंतुक मलमात ग्रॅममागे 250 युनिट व्हिटॅमिन ए असतं. त्याचं मुख्य काम वंगणाचं. ट्रेटिनॉइन या त्याच कुळातल्या औषधाच्या मलमाबद्दल 1985 मध्ये मोठी आशा निर्माण झाली होती. पण 1988 मध्ये अनेक केंद्रांत मिळून घेतलेल्या चाचणीत रुग्णांचा त्रास लक्षणीय कमी झाला नाही. स्टीव्हन्स-जॉन्सन (बहुतेकदा औषधाच्या तीव्र रिअ‍ॅक्शनने कातडी सोलवटणारा आजार) यासारख्या, डोळ्यांत व्रण धरणाऱ्या आजारांत कातडीसारखा राठ झालेला पृष्ठभाग पुन्हा मऊ होऊ लागला, एवढंच दिसलं. त्या मोजक्या रुग्णांसाठी ही मोठी गोष्ट आहे, पण ते औषध तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायचं.

आता ‘मुळापासून’. हिंजवडीत एसीखाली दिवसभर स्क्रीनकडे बघणाऱ्याच्या पापण्या कमी लवतात, पापणीकाठच्या तेलग्रंथी तुंबतात. कुणाला संधिवाताच्या कुळातला आजार असतो. यातलं काहीही व्हिटॅमिन एच्या अभावाने होत नाही. उलट मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या व्हिटॅमिन एच्याच कुळातल्या, आणि त्यांनीच अनेकांचे डोळे कोरडे पडतात.

खरा अभाव असेल, म्हणजे मूल अंधारात अडखळत असेल, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखे बिटॉटचे डाग असतील, तर थेंबांवर भागत नाही. औषध पोटातूनच द्यावं लागतं: वर्षावरच्या मुलाला 2 लाख युनिट पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि दोन आठवड्यांनी. हे घरी करू नका, त्याच दिवशी मुलाला ससूनला किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. गरोदर बाईने तर असा मोठा डोस मनाने कधीच घेऊ नये.

ज्यांनी हे तेल आधीच घातलंय आणि डोळा लाल आहे, दुखतोय, उजेड सोसत नाही, त्यांनी आजच बुबुळ तपासून घ्यावं. जाताना कॅप्सूलची पट्टी सोबत न्या.