सॅम्पल पॅक वापरला म्हणजे चोरी झाली का बे?

सॅम्पल पॅक म्हणजे गाण्यात टाकायला आधीच रेकॉर्ड करून ठेवलेले तयार आवाज. असा पॅक वापरतो म्हणून कुणाला प्रोड्युसरच मानायचं नाही ही जी टूम निघालीये ना, ती मला अजिबात पटत नाही. सगळ्यांनी काय ओरिजिनल नाइन-ओ-नाइन, म्हणजे रोलँड कंपनीचं टीआर-९०९ ड्रम मशीन, मांडीवर घेऊन बसायचं का? आणि बसलात तरी, त्या मशीनमध्ये किक-स्नेअर हे ड्रमचे ठोके सर्किटमधून निघतात, पण हायहॅट आणि सिंबल या झांजा म्हणजे रेकॉर्ड केलेले सिक्स-बिट सॅम्पलच आहेत, रोलँडने १९८३ मध्येच आत भरून दिलेले. मशीन तेव्हा काय फार खपलं नाही, सेकंडहँडला स्वस्तात मिळायला लागलं आणि शिकागोतल्या पोरांनी ते हाऊस नावाच्या डान्स म्युझिकमध्ये धुमधडाक्यात वाजवलं. त्यात जुन्या डिस्को रेकॉर्डचे तुकडे तर सुरुवातीपासूनच होते की!

आपल्याकडं चादर विणणारा सूत घरी कातत बसत नाही, सूत विकत आणतो, नक्षी त्याची असते. पण दुसरीकडची तयार चादर आणून वर सोलापुरी लेबल शिवलं तर आपण बोंब मारतोच ना? बेसलाइन, कॉर्ड, व्होकल सगळं एकाच किटमधून ओढून टाकणारे मला तसले वाटतात. सुट्टी किक, सुट्टा क्लॅप घ्या की बिनधास्त.

मी पण किक पॅकमधलीच घेतो. आता १२४ बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२४ ठोके, दोन किकच्या मधे अर्धा सेकंदसुद्धा नसतो, त्यात किकची शेपटी, म्हणजे मागं रेंगाळणारा आवाज, लांब असली की बेसला जागाच उरत नाही, सगळं गढूळ होतं, मग शेपटी कापा, बेसच्या सुराला किक जुळवा, क्लॅप सॉफ्टवेअरमधल्या तालाच्या ग्रिडवरून ५-१० मिलिसेकंद मागंपुढं सरकवून बघा, यातच रात्र जाते आणि खरं सांगू का, ट्रॅक तिथंच बनतो.

आणि रॉयल्टी फ्री म्हणजे आवाज तुमच्या मालकीचा झाला असं नाय ओ, गाण्यात वापरायची परवानगी असते फक्त. तोच व्होकल दुसऱ्यानं पण घेतलेला असतो, त्यानं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीला (कुणाचं गाणं कुठं वापरलंय ते पकडणारी सिस्टिम) टाकलं की क्लेम तुमच्यावर.

माझी तक्रार वेगळीच आहे. इंडियन नावाचा कुठलाही पॅक उघडा, तीच सतार तोच तबला. हलगी कुठाय? वाजवायच्या आधी जाळ करून कातडं शेकतात, तापलं की आवाज असा कडक चढतो, गार झालं की बसतो. दोन्ही वेळेला रेकॉर्ड केलं तर एकाच हलगीचे दोन आवाज हातात, आणि ते पण आपल्या गल्लीतले. गणपतीच्या आधी लेझीमचा सराव चालू असतो, जा की तिकडं.

फक्त वाजवणाऱ्याला आधी विचारा आणि पैशाचं बोलून घ्या. ग्रेगरी कोलमननं १९६९ मध्ये वाजवलेला सहा-सात सेकंदांचा अमेन ब्रेक हा ड्रमचा तुकडा हजारो गाण्यांत वापरला गेला, बिचाऱ्याला रॉयल्टी काय मिळाली नाही.

रेकॉर्ड केलंच तर मला पण पाठवा, पण वेव्ह फाइल हां, व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट नको!