रिक जेम्सला कोकेनच्या आड लपू देऊ नये

साशा जेन्किन्स यांनी दिग्दर्शित केलेला ‘बिचिन : द साउंड अँड फ्युरी ऑफ रिक जेम्स’ हा अमेरिकन फंक (काळ्या अमेरिकनांचे तालप्रधान नृत्यसंगीत) गायक रिक जेम्सवरचा २०२१ सालचा माहितीपट पाहिल्यापासून त्यावर सविस्तर लिहायचे मनात होते. कलेत मोठे पण वागण्यात क्रूर अशा कलावंतांचा विषय निघाला की ‘कलावंत वेगळा, माणूस वेगळा’ असे म्हणून आपण मोकळे होतो. रिक जेम्सच्या बाबतीत ही वाटणी टिकत नाही, कारण ज्या बेबंद प्रतिमेवर त्याच्या रेकॉर्ड खपल्या, त्याच प्रतिमेने त्याच्या वागण्यावर वर्षानुवर्षे पांघरूण घातले.

आधी संगीताबद्दल, कारण ते खरोखरच मोठे आहे. रिक जेम्स, म्हणजे मूळचा जेम्स अँब्रोज जॉन्सन, १९४८ साली न्यूयॉर्क राज्यातील बफलो शहरात जन्मला. त्याची आई लोकांकडे साफसफाईची कामे करून आणि ‘नंबर्स’चा, म्हणजे आपल्याकडच्या मटक्याच्या जातीतल्या बेकायदा जुगाराचा, धंदा सांभाळून आठ मुलांचे घर चालवत होती. नौदलाच्या राखीव दलातून पळून तो कॅनडात टोरंटोला गेला आणि तिथे ‘मायना बर्ड्‌स’ या बँडमध्ये गाऊ लागला. पुढे जगप्रसिद्ध झालेला गायक नील यंग काही काळ याच बँडमध्ये होता. १९६६ मध्ये मोटाउन या रेकॉर्ड कंपनीने त्यांच्याशी करार केला, पण जेम्स फरारी असल्याचे उघड झाले, रेकॉर्ड बासनात गेली आणि तो लष्करी तुरुंगात गेला. त्याच मोटाउनसाठी त्याचा पहिला अल्बम यायला १९७८ साल उजाडले.

१९८१ च्या ‘स्ट्रीट साँग्ज’ या अल्बममधले ‘सुपर फ्रीक’ एकदा हेडफोन लावून नीट ऐकावे. फंकचा सगळा डोलारा पहिल्या मात्रेवर उभा असतो. वादक तिला ‘द वन’ म्हणतात, आणि आपला श्रोता जसा समेची वाट पाहतो, तसेच इथे शरीर त्या मात्रेची वाट पाहत असते. या गाण्यात बासची छोटीशी सुरावट पुन्हा पुन्हा येते आणि तरीही शिळी होत नाही, कारण तिच्या भोवती सतत काहीतरी बदलत असते. मध्येच जेम्स ‘टेम्प्टेशन्स’ना नाव घेऊन गायला सांगतो आणि मोटाउनचा तो ज्येष्ठ गायकसंच साथीला येतो, तर शेवटाकडे तो सॅक्सोफोनवादक डॅनी लमेलला हाक मारतो आणि सॅक्सोफोन मोकळा सुटतो. लेखन, गायन, निर्मिती आणि बँडची शिस्त या सगळ्यांवर ज्याची इतकी पकड होती, त्या माणसाला केवळ ‘वाहवत गेलेला’ म्हणणे मला पटत नाही. आपल्याकडे बहुतेकांच्या कानावर ही सुरावट रॅपर एमसी हॅमरच्या १९९० च्या ‘यू कान्ट टच धिस’मधून पडली. ती परवानगीशिवाय वापरली म्हणून जेम्सने दावा लावला, गीतलेखकांत त्याचे नाव घातले गेले आणि त्याला आयुष्यातले एकमेव ग्रॅमी मिळाले ते याच गाण्यासाठी.

एमटीव्हीचे प्रकरणही विसरण्यासारखे नाही. १९८१ मध्ये सुरू झालेल्या या वाहिनीने ‘सुपर फ्रीक’चा व्हिडिओ दाखवायला नकार दिला, तेव्हा ही वाहिनी काळ्या कलावंतांना दारातच उभे करते, असे जेम्सने उघडपणे आणि वारंवार सांगितले. बोलण्याची किंमत मोजावी लागेल हे ठाऊक असूनही तो बोलला आणि त्याचे म्हणणे खरे होते. ‘स्ट्रीट साँग्ज’मध्येच पोलिसांच्या अत्याचारावरचे ‘मिस्टर पोलिसमन’ आहे, ज्यात स्टीव्ही वंडरचा हार्मोनिका ऐकू येतो. अन्याय म्हणजे काय आणि आपले म्हणणे ऐकून न घेतले जाणे म्हणजे काय, हे या माणसाला पुरेपूर कळत होते.

म्हणूनच पुढचे वाचताना जास्त संताप येतो. १९९१ मध्ये जेम्स आणि त्याची मैत्रीण (जी पुढे त्याची पत्नी झाली) यांना अटक झाली. एका चोवीस वर्षांच्या तरुणीला घरात डांबून ठेवल्याचा आणि कोकेन ओढण्याच्या तापलेल्या नळीने तिला चटके दिल्याचा त्यांच्यावर आरोप होता. या प्रकरणात जामिनावर सुटलेला असतानाच, १९९२ मध्ये, वेस्ट हॉलिवुडमधल्या एका हॉटेलात दुसऱ्या एका स्त्रीला कित्येक तास कोंडून मारहाण केल्याचे प्रकरण पुढे आले. १९९३ मध्ये ज्युरीने त्याला मारहाणीसह काही गुन्ह्यांत दोषी ठरवले, मात्र जन्मठेप होऊ शकली असती त्या छळाच्या आरोपातून मुक्त केले. १९९६ मध्ये तो तुरुंगातून बाहेर आला.

या घटनांचे उत्तर म्हणून सगळीकडे कोकेन पुढे केले जाते, आणि माझा खरा आक्षेप इथे आहे. व्यसनाने जेम्सची वाट लागली, यात शंकाच नाही. २००४ मध्ये वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी तो गेला, तेव्हा त्याच्या शरीरात नऊ प्रकारची औषधे आणि अमली द्रव्ये सापडली होती. पण त्या काळात कोकेन ओढणारे हजारो लोक होते आणि त्यांनी कोणाला कोंडून ठेवले नाही. व्यसनामुळे माणसाचा तोल जातो हे मान्य केले, तरी तोल गेल्यावर हात कोणावर पडतो, हे सत्ता ठरवते. इथे एका बाजूला पैसा, नाव, घर आणि मागेपुढे करणारी माणसे असलेला तारा होता, आणि दुसऱ्या बाजूला यातले काहीच हाताशी नसलेल्या स्त्रिया होत्या.

हे उत्तर लोकांच्या तोंडी बसवले ते एका विनोदी कार्यक्रमाने. फेब्रुवारी २००४ मध्ये ‘शपेल्स शो’मध्ये विनोदवीर चार्ली मर्फीने जेम्सच्या दांडगाईचे किस्से सांगितले, डेव्ह शपेलने जेम्सची भूमिका केली आणि खुद्द जेम्सने कॅमेऱ्यासमोर बसून सगळा दोष हसत हसत कोकेनवर टाकला. ‘कोकेन इज अ हेल ऑफ अ ड्रग’ हे त्याचे वाक्य आजही इंटरनेटवर म्हणीसारखे फिरते. शिक्षा होऊन जेमतेम दहा वर्षे झाली होती आणि एका संपूर्ण पिढीला रिक जेम्सची ओळख झाली ती एक गमतीदार पात्र म्हणून. त्या दोन स्त्रियांपैकी कोणी घरी टीव्ही लावून बसली असेल तर तिला काय वाटले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

जेन्किन्स यांच्या कामाचे मोल मला इथे वाटते. हिप-हॉप पत्रकारितेतून आलेल्या या दिग्दर्शकाने जेम्सची मुलगी टाय, त्याचे जुने साथीदार आणि बूट्सी कॉलिन्ससारखे फंकमधले दिग्गज यांना बोलते केले आणि गाणे, व्यसन, वर्णद्वेष आणि हिंसा हे सगळे एकाच माणसाच्या आयुष्यात पुन्हा एकत्र आणून ठेवले. काळा पुरुष म्हणजे हिंसक पुरुष, हा अमेरिकेतला जुना विखार माहीत असलेल्या काळ्या दिग्दर्शकासाठी हे सोपे नव्हते, कारण गुन्हा ठळक केला तर तो विखार पोसला जातो आणि पुसट केला तर पीडितांवर अन्याय होतो. मे २०२५ मध्ये जेन्किन्स यांचे निधन झाले, याची हळहळ वाटते.

तरीही माझ्या मते चित्रपटाचा कल शेवटी झगमगाटाकडेच जातो. एमटीव्हीने जेम्सवर केलेला अन्याय जितक्या बारकाईने मनात उतरतो, तितक्या बारकाईने ते बंद खोलीतले तास उतरत नाहीत. २०२० मध्ये आणखी एका स्त्रीने, १९७९ साली आपण पंधरा वर्षांच्या असताना जेम्सने बफलोत आपल्यावर बलात्कार केला, असा आरोप करत त्याच्या वारसा-मालमत्तेवर दावा दाखल केला. तो मरून पंधरा वर्षे उलटून गेलेली असल्याने त्याला प्रश्न विचारणे शक्य नव्हते. १९९३ च्या खटल्यातल्या साक्षी मात्र भर न्यायालयात झाल्या होत्या. कोणाचेही नाव न घेता, एखाद्या अभिनेत्रीच्या आवाजात, मागे संगीत न लावता त्यांतला काही भाग चित्रपटात सलग वाचता आला असता. फंकच्या इतिहासावर किंवा जेम्सवर पुढे जो कोणी चित्रपट करील, त्याने ‘सुपर फ्रीक’ला जितकी मिनिटे दिली, किमान तितकी त्या साक्षींना द्यावीत, ही माझी मागणी आहे.