शांघाय, सात ते पाच

क्रूझच्या पत्रकात एक ओळ असते: 'शांघाय. आगमन सकाळी ७, प्रस्थान संध्याकाळी ५.' ती वाचल्याबरोबर मराठी पर्यटक वही काढतो. दहा तास! बंड (नदीकाठचा जुन्या इमारतींचा रस्ता), यू गार्डन, ६३२ मीटरचा शांघाय टॉवर, मॅग्लेव्ह (चुंबकावर तरंगत धावणारी रेल्वे), सिल्क मार्केट, मधे जेवण, आणि वेळ उरलाच तर शेजारचं सुझोऊ शहर. पान भरतं. आता या पानावर एकेक काट मारत जाऊ.

पहिली काट बंदराचीच. मोठं जहाज शांघाय शहरात येतच नाही. हुआंगपू नदीवर १९९३ पासून यांगपू पूल उभा आहे आणि त्याच्याखाली उंची मिळते ४८ मीटर. आजकालची जहाजं पाण्यावर साठ-सत्तर मीटर चढलेली असतात. त्यामुळे लहान जहाजं तेवढी पुलाखालून थेट शहरातल्या हाँगकोऊच्या टर्मिनलला जातात. बाकीची थांबतात वूसोंगकोऊला, बाओशान भागात, हुआंगपू यांगत्सेला मिळते तिथे. बंडपासून हे अंतर साधारण २५ किलोमीटर. कल्याणला उतरवून 'मुंबई आली' म्हणण्यातला प्रकार, पण टर्मिनलची इमारत अशी झकपक असते की तक्रार करायला तोंड उघडत नाही. आणि हे सगळं जहाज वेळेवर लागलं तर. वसंत ऋतूत यांगत्सेच्या मुखाशी धुकं पडतं, नदीत मालवाहू जहाजांची ही गर्दी, मग पायलट, म्हणजे बंदराचा वाटाड्या, जहाज आत आणत नाही. अशा दिवशी शांघाय म्हणजे बाल्कनीतून दिसणारा पांढरा पडदा. भरपाई म्हणून फार तर बंदर-शुल्क परत मिळतं.

दुसरी काट कागदांची, आणि इथे घराघरांत भांडणं लागतात. मुलगा न्यू जर्सीला, पासपोर्ट अमेरिकन. तो सांगतो, "आई, चीनला व्हिसाच लागत नाही, २४० तास फुकट." त्याला नाही लागत, त्याच्या आईला लागतो. तिसऱ्या देशात जाणाऱ्यांसाठीची ती २४० तासांची सवलत ज्या देशांना आहे, त्यांच्या यादीत भारत नाही. मे २०२४ पासून क्रूझने येणाऱ्या पर्यटक गटांना १५ दिवस बिनव्हिसा सोडतात, हेही खरं. पण गट किमान दोघांचा हवा, तो चिनी ट्रॅव्हल एजन्सीने नेलेला हवा, आणि त्याच जहाजाने पुढच्या बंदराला जायला हवं. आपलं नाव अशा यादीत आहे का, हे क्रूझ कंपनीला ईमेलवर विचारायचं आणि उत्तर छापून घ्यायचं. फोनवरच्या 'नो प्रॉब्लेम सर'ला काउंटरवर किंमत शून्य. व्हिसा काढत असाल तर आणखी एक खाच बघा. जहाज आधी शांघाय, मग जपान, मग पुन्हा तिआनजिन असं जाणार असेल, तर चीनमध्ये दोनदा प्रवेश होतो, म्हणजे डबल एंट्री हवी. हाँगकाँगही या हिशेबात बाहेरच धरतात. सिंगल एंट्रीवाल्याला जहाजात चढायच्या आधीच, काउंटरवर, चारचौघांसमोर बाजूला घेतात.

सात वाजता जहाज लागलं म्हणजे सातला आपण उतरलो असं नाही. आधी बंदर-अधिकाऱ्यांचे सोपस्कार. मग कंपनीने विकलेल्या सहलीवाले, छातीवर नंबरचा स्टिकर चिकटवलेले. मग आपण, स्वखुशीचे. खाली पासपोर्ट, फोटो, बोटांचे ठसे. ठसे १४ ते ७० वयाच्यांचे घेतात, त्यामुळे एकाहत्तरीचे आजोबा झपाझप पुढे निघून जातात आणि आजी अडकतात. चाळीस वर्षं भांडी घासलेल्या बोटांवर यंत्राला रेषाच सापडत नाहीत. उपाय सोपा आहे: रांगेत असतानाच बोटांना थोडं क्रीम चोळायचं आणि पुसून घ्यायचं. नाश्त्याच्या टेबलावरून पर्समध्ये टाकलेलं केळं रांगेतच संपवा. ताजी फळं, दूध, पनीर चीनमध्ये न्यायला बंदी आहे आणि पिशव्या एक्सरेमधून जातात. पासपोर्ट मात्र दिवसभर जवळच ठेवायचा. परदेशी माणसाने तो बाळगलाच पाहिजे, असा तिथला कायदा आहे. 'तिजोरीत सुरक्षित आहे' हे वाक्य पोलिसापुढे चालत नाही.

या सगळ्यातून बाहेर पडेस्तोवर नऊ-साडेनऊ. वहीतलं सुझोऊ गेलं.

आता पैसे. शांघायमध्ये रताळी भाजणारा म्हातारासुद्धा क्यूआर कोड पुढे करतो. हे पाहून आपल्याला घरच्यासारखं वाटतं, आणि तिथेच फसगत होते. आपलं यूपीआय तिथे चालत नाही. त्यांचं चालतं अलिपे आणि वुईचॅट, आणि ही दोन्ही ॲप भारत सरकारने २०२० मध्ये बंद केली आहेत. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींना ती घेता येतात. त्यांनी घरूनच व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडून यावं, कारण ओटीपी घरच्या नंबरवर येतो आणि बंदरावर तो नेमका येत नाही. परदेशी कार्डावर २०० युआनच्या वरच्या व्यवहाराला तीन टक्के लागतात, खाली काही नाही. म्हणून ३०० चं बिल दीडशे-दीडशे करून द्या. इथे आपला चिवटपणा पहिल्यांदा कामी येतो.

भारतातून आलेल्यांनी रोख न्यावी, आणि ती सुट्टी न्यावी. रोख नाकारायला चीनमध्ये बंदी आहे, पण गल्ल्यात मोड नसायला बंदी नाही. शंभराची नोट पुढे केली की दुकानदार ती उजेडात धरतो, शेजारच्याला दाखवतो, मग खण उचकतो. पाच, दहा आणि वीसच्या नोटा असल्या की काम लगेच होतं. युआन साधारण १२ रुपयांचा धरा. एटीएमवर विसंबायचं असेल तर बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा 'आंतरराष्ट्रीय वापर' सुरू करून ठेवा. नवीन कार्डावर तो बंदच असतो आणि यांगत्सेच्या काठावरून सुरू करताना पुन्हा तोच ओटीपी.

फोनचं म्हणाल तर स्थानिक वायफायवर गूगल, व्हॉट्सॲप, यूट्यूब, सगळं मुकं. भारतातल्या सिमवर रोमिंग घेतलं तर बहुधा चालतं, कारण डेटा घरच्या कंपनीमार्फत फिरून येतो. तरी गूगल मॅप्सवर विश्वास टाकू नये. चीनमधल्या नकाशांची मोजणीच मुद्दाम सरकवलेली असते, त्यामुळे आपला निळा ठिपका काहीशे मीटर भलतीकडे दिसतो. एका रस्त्यावर उभा असलेला माणूस नकाशात दुसऱ्याच रस्त्यावर असतो. आयफोनचा स्वतःचा नकाशा तिथे ठीक चालतो.

शहरात जायला मेट्रोची तीन नंबरची लाइन. बाओयांग रोड स्टेशन टर्मिनलपासून काही किलोमीटरवर आहे, तिथवर बस किंवा टॅक्सी. तीनने हाँगकोऊ फुटबॉल स्टेडियम, तिथे आठ नंबर धरून पीपल्स स्क्वेअर, आणि तिथून दोन नंबरने एक स्टेशन, ईस्ट नानजिंग रोड. भाडं किरकोळ, वेळ तासाभराच्या वर. प्रत्येक स्टेशनात पिशवी एक्सरेत जाते. टॅक्सी शंभर युआनच्या आसपास नेते, रस्ता मोकळा असेल तर पाऊण तासात. जाताना काही अडत नाही. खरी मेख परतीला आहे, तिच्याकडे येतोच.

बंडवर पोचलात की एक काम करा. नदीपलीकडच्या टॉवरांचे फोटो सगळे काढतात, तुम्ही पाठ फिरवा. हिरव्या पिरॅमिडसारख्या छपराची इमारत दिसेल. ते पीस हॉटेल. १९२९ मध्ये उघडलं तेव्हा कॅथे हॉटेल, आणि इमारतीचं नाव ससून हाउस. होय, तेच ससून. पुण्यातलं हॉस्पिटल आणि कुलाब्याचा ससून डॉक ज्या घराण्याचा, त्यातल्या डेव्हिड ससूनच्या पणतूने, व्हिक्टरने, हे बांधलं. या घराण्याने मुंबईहून चीनला कापूस पाठवला आणि अफूही. पुणेकराला परदेशात ओळखीचं नाव सापडल्याचा आनंद व्हावा आणि त्याच वाक्यात अफू यावी, हे जरा अवघड आहे, पण इतिहासाला इलाज नाही.

तिथेच, नानजिंग रोडच्या तोंडाशी, गोड इंग्रजी बोलणाऱ्या दोन मुली भेटतील. फोटो काढून देतील, इंडियाबद्दल विचारतील आणि म्हणतील, जवळच चहाचा पारंपरिक कार्यक्रम आहे, चला. जाऊ नका. बोटभर पेल्यातून पाच प्रकारचे चहा प्यायले जातात आणि बिल हजारांत येतं, युआनच्या हजारांत. तिथले पोलीसही याबद्दल सावध करतात. वाईट एवढंच की खरोखर गप्पा मारायला आलेल्या विद्यार्थ्यालाही आपण मग टाळतो.

जेवणाचं सांगायचं तर मांसाहाऱ्यांची चैन आहे. यू गार्डनच्या आसपास वाफाळती शियाओलोंगबाओ मिळतात, मोदकासारख्या वळलेल्या मांसाच्या पुरचुंड्या. आत रस्सा भरलेला असतो, म्हणजे डुकराच्या कातडीची जेली सारणात घालतात आणि ती वाफेवर वितळते. अख्खं तोंडात टाकलं तर टाळू भाजते. वरचा वेढा जपून उचलायचा, चमच्यात ठेवायचं, कडेला बारीक भोक पाडायचं, रस्सा शोषायचा, मग बाकीचं. शाकाहाऱ्यांची अडचण दिसत नाही तिथे असते. टोफूवर खिमा, फरसबीतही खिमा, नुसती पालेभाजी मागवली तर ती चरबीत परतलेली किंवा ऑयस्टर सॉसमध्ये. 'नो मीट' म्हटलं की मोठे तुकडे काढून तीच भाजी परत येते. मांस, मासे, अंडं, चरबी, ऑयस्टर सॉस आणि चिकन पावडर, एवढं सगळं नको असं चिनीत छापलेलं कार्ड न्या. किंवा सरळ नानजिंग वेस्ट रोडवर गोंगदेलिन गाठा. १९२२ पासूनचं बौद्ध शाकाहारी हॉटेल, पीपल्स स्क्वेअरपासून चालत जाण्याजोगं. तिथे टेबलावर बदक येतं, कातडीसकट, आणि ते सोयाबीनचं असतं. काकू ताट लांब ढकलतात, काका खात राहतात. बौद्ध परंपरेत कांदा-लसूणही वर्ज्य, त्यामुळे चातुर्मासातसुद्धा हरकत नाही.

स्वच्छतागृहं स्वच्छ असतात, पण कागद बऱ्याचदा दाराजवळच्या एकाच पेटीत, आत नाही. आत गेल्यावर कळतं. पाण्याची बाटली सोबत असलेल्या मराठी माणसाचं अडत नाही.

कंपनीची सहल घेणाऱ्यांना हे काही करावं लागत नाही. त्यांना झेंड्यामागून चालायचं असतं आणि तासभर रेशमाच्या कारखान्यात बसायचं असतं. प्रात्यक्षिक मात्र बघण्यासारखं. एका कोषात दोन किडे असले की धागे गुंततात, त्याचं सूत निघत नाही, म्हणून तो रजईला वापरतात. बाई पाण्यात तो कोष उकलून लहान कमानीवर ताणते, मग मोठ्या कमानीवर. वाळलेला थर चार जण चार कोपरे धरून पलंगाएवढा ओढतात. आपल्यातल्या चौघांनाही ओढायला लावतात, आणि जी रजई आपण स्वतः ओढली ती घेतल्याशिवाय उठणं जड जातं, हे त्या दुकानाला पक्कं ठाऊक आहे. पण या सहलीचा एक गुण कबूल केलाच पाहिजे. बस अडकली तर जहाज तिच्यासाठी थांबतं. तुमच्या मेट्रोसाठी थांबत नाही.

आता परत. प्रस्थान पाचचं, म्हणजे जहाजात चारला, फार तर साडेचारला. हे जहाजाचं घड्याळ. जपानहून येत असाल तर ते कधीकधी जपानच्याच वेळेवर ठेवतात, चीनपेक्षा एक तास पुढे, आणि तुमचा फोन मात्र बंदरावर आपोआप चिनी झालेला असतो. म्हणून मनगटावर जहाजाच्या वेळेचं जुनं घड्याळ हवं. मेट्रोत तीन नंबरच्या काही गाड्या साऊथ चांगजियांग रोडला संपतात, बाओयांग रोडच्या बऱ्याच आधी. फलाटावरच्या पाटीवर शेवटचं स्टेशन नॉर्थ जियांगयांग रोड असेल तरच चढा. टॅक्सीवाल्याला 'क्रूझ' म्हटलं तर तो हाँगकोऊच्या टर्मिनलला नेऊ शकतो. 'बाओयांग' म्हटलं तर चोंगमिंग बेटाच्या फेरीच्या धक्क्यावर. टर्मिनलच्या पूर्ण नावाचा चिनी अक्षरांतला कागद सकाळी उतरतानाच घ्या आणि फोटोही काढून ठेवा. या हिशेबाने बंडवरून दोनला निघावं लागतं. दहा तासांतले शहराचे उरले साडेतीन. बंड, एक जेवण, आणि पाय चालत असतील तर यू गार्डन बाहेरून. बंडचे प्रसिद्ध दिवे काळोख पडल्यावर लागतात, ते विसरा.

चुकलंच जहाज तर पुढच्या बंदरावर विमानाने गाठायचं, स्वतःच्या खर्चाने. पुढचं बंदर जपानमधलं असेल तर तिथली क्रूझ-प्रवाशांची बिनव्हिसा उतरायची परवानगी विमानतळावर लागू नाही. त्यासाठी रीतसर व्हिसा लागतो, आणि तो एका रात्रीत होत नाही. तेव्हा दोन वाजले की उठायचं, ताटात अर्धं बदक उरलेलं असलं तरी. सोयाबीनचंच तर आहे.