टेप घ्या, विभाग मोजा

गोव्यात विज्ञान विभागांतल्या स्त्री-पुरुष समतेचा विषय निघाला की एक उत्तर ठरलेलं असतं: "आमच्याकडे वर्गात मुलीच जास्त, आणखी काय हवं?" उत्तर खोटं नाही. देशभरात विज्ञानाच्या पदवीवर्गांत मुली निम्म्याहून अधिक झाल्या आहेत. पण इथे ब्रिटनमध्ये जीवशास्त्राच्या विभागांनी हाच दाखला वर्षानुवर्षं दिला. वर्ग मुलींनी भरलेले आणि प्राध्यापकपदावर बायका मोजक्या, हे चित्र त्याने हललं नाही.

मोजायचं दुसरंच काही असतं. अमेरिकेत एमआयटी या नामांकित तंत्रज्ञान संस्थेत नॅन्सी हॉपकिन्स या जीवशास्त्रज्ञ बाईंनी चक्क टेप घेऊन प्रयोगशाळांच्या खोल्या मोजल्या. १९९४ मध्ये तिथल्या विज्ञानशाखेच्या सहा विभागांत मिळून कायमपदावरच्या स्त्री प्राध्यापक होत्या १५. तोवर प्रत्येकीला वाटायचं, अडचण आपल्या एकटीचीच. जागेचे आकडे समोर आले, पगाराचे आले, दोन्हींत बायका मागे दिसल्या, आणि १९९९ मध्ये संस्थेला भेदभाव जाहीरपणे कबूल करावा लागला.

ब्रिटनने २००५ मध्ये अथीना स्वान ही सनद आणली. विभागाने स्वतःचे आकडे तपासायचे, सुधारणेचा आराखडा द्यायचा, मग कांस्य, रौप्य किंवा सुवर्ण दर्जा मिळवायचा. सुरुवातीला फारसं कोणी मनावर घेतलं नाही. २०११ मध्ये इंग्लंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी सॅली डेव्हिस यांनी सांगितलं की रौप्य दर्जा नसेल तर वैद्यकीय संशोधनाचा मोठा निधी विसरा, तेव्हा वैद्यकीय महाविद्यालयं खडबडून जागी झाली. पुढे २०२० मध्ये ती अट काढली गेली. एक वाईट गोष्टही घडली, ती गोव्याने ध्यानात ठेवावी. आकडे गोळा करणं, जाडजूड अर्ज लिहिणं, हे काम बहुतेक ठिकाणी विभागातल्या बायकांच्याच गळ्यात पडलं. समतेसाठी राबताना त्यांचे स्वतःचे शोधनिबंध मागे राहिले. भारतात २०२० मध्ये केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने याच धर्तीवर 'गती' उपक्रम सुरू केला आहे. त्यात उतरायचं तर पहिली अट हीच असावी: समितीचं काम कार्यभारात धरायचं आणि प्रमुखपद एखाद्या ज्येष्ठ सरांकडेही द्यायचं.

सुरुवात पाच वर्षांच्या नोंदींपासून करावी. एम.एस्सी. प्रवेश, पीएच.डी. नोंदणी, पदवी पूर्ण, सहायक प्राध्यापकासाठी अर्ज, मुलाखतीला बोलावणं, नेमणूक. प्रत्येक पायरीवर स्त्रिया किती, पुरुष किती. विभागात नऊच शिक्षक असतील तर टक्केवारी काढू नये. एक मॅडम निवृत्त होऊन त्यांच्या जागी सर आले की अकरा टक्के घसरतात आणि भलतेच निष्कर्ष निघतात. सरळ डोकी मोजावीत. गळती कुठल्या पायरीवर आहे हे कळलं की निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

मग कार्यभाराचा तक्ता. हे खरं किचकट काम, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचं. एक तास शिकवण्याला तयारीसकट अडीच तास धरा, प्रात्यक्षिकाच्या बॅचला पूर्ण वेळ, प्रकल्पाच्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे आठवड्याला एक तास. त्यापुढे नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या फायली, वसतिगृहाची वॉर्डनगिरी, स्वागत समिती. तक्ता फसतो तो "मॅडम, जरा बघाल का" या कामांपाशी: पाहुण्यांची सोय, सूत्रसंचालन, रडवेल्या विद्यार्थिनीला समजावणं. ती नोंदलीच जात नाहीत. खरेदी समिती मात्र सरांकडे, आणि कोणतं यंत्र येणार ते तिथेच ठरतं. बढतीच्या वेळी शोधनिबंध मोजतात, पुष्पगुच्छ कोणी आणले ते नाही. म्हणून ही कामंही तासांत लिहावीत आणि दर दोन वर्षांनी फिरवावीत.

रजेच्या बाबतीत भारत मागे आहे असं मी म्हणणार नाही. केंद्र सरकारच्या सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. इथे ब्रिटनमधल्या बायकांना ते ऐकून नवल वाटतं. पीएच.डी.च्या विद्यार्थिनींनाही २४० दिवस मिळतात. घोळ वेगळाच होतो. रजा मंजूर होते, पण प्रयोगशाळेत वाढवायला ठेवलेल्या पेशी कोणी सांभाळत नाही, प्रयोगाच्या रसायनांची मुदत संपते, प्रकल्पाचा निधी मार्चला बंद होतो. तेव्हा रजेच्या अर्जासोबतच हे काम कोण पाहणार त्याचं नाव लिहून घ्यावं आणि मुदतवाढीचं पत्र निधी देणाऱ्या संस्थेला तेव्हाच पाठवावं. वडिलांची रजा मात्र दोन्ही देशांत जेमतेम पंधरवड्याची, म्हणून मूल आईचंच काम ठरतं.

गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या अदिती पंत १९८३ मध्ये अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेल्या. त्यांचं नाव आपण अभिमानाने घेतो, घ्यावंच. पण आज प्रयोगशाळेच्या भांडारात नायट्राइलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे हातमोजे बहुधा मीडियम आणि लार्जच असतात. लहान हाताच्या मुलीच्या बोटांपुढे अर्धा सेंटिमीटर मोकळं टोक लोंबतं, ते झाकणात अडकतं आणि आम्लाची बाटली हातातून निसटते. स्मॉलची दोन खोकी मागवायला कुठलंही धोरण लागत नाही.

तशीच गोष्ट यंत्रांच्या बुकिंगची. एनएमआर या रेणूंची रचना तपासणाऱ्या यंत्राचा संध्याकाळी सातनंतरचा स्लॉट गोव्याच्या टोकाच्या पेडण्याच्या किंवा काणकोणच्या मुलीला मिळाला, की तिची नजर बसच्या वेळेवर असते. नमुना घाईत लागतो, आकडे खराब येतात आणि दोष तिच्या हाताला लागतो. लॉगबुक उघडून मागच्या सहा महिन्यांत सकाळचे स्लॉट कोणाला गेले ते पाहावं. वही यंत्राशेजारीच ठेवलेली असते.