साडेआठ तोळ्यांचा लाकडी मासा

मराठवाड्याचे जिल्हे आठ आणि आठांपैकी एकालाही समुद्र नाही. हे मला शाळेपासून माहीत आहे. तरी हल्ली भेटेल तो माणूस ही बातमी मला नव्याने देतो. आमच्या लातूरचं पाण्याशी नातं तर सगळ्या देशाने पाहिलंय. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. अशा गावात बसून लाटांच्या पलीकडे मोठाले प्लग, म्हणजे माशाला फसवणारे खोटे मासे, फेकायच्या गळाच्या रॉडसाठी ब्लँक, म्हणजे नुसती नळी, निवडणे, या उद्योगाला आमच्या हिच्या माहेरी जो शब्द वापरतात तो इथे लिहिण्यासारखा नाही.

गंमत म्हणजे हे खूळ डोक्यात घातलं तेही त्याच माहेरच्या जावयाने. माझे साडू रत्नागिरीला असतात. रत्नागिरी-नागपूर महामार्ग लातुरावरून जातो, त्यामुळे "नाकासमोर या, रस्ता सोडू नका" असं म्हणून ते सुट्टी लागली की बोलावतात आणि संध्याकाळी खडकांवर नेऊन उभं करतात. मी मांजरा धरणाच्या कडेला मरळ धरणारा माणूस. सहा फुटी रॉड, रबरी बेडूक, विषय संपला. तिथे मासा लाट फुटते त्याच्या पलीकडे आणि माझा बेडूक अलीकडे. साडू म्हणाले, "साडूभाऊ, हे खेळणं पोराला द्या. मोठा रॉड बांधा आणि प्लग फेका."

प्लग म्हणजे लाकडाचा, हल्ली प्लास्टिकचाही, वीतभर मासा. पोटाला तीन टोकांचे गळ लटकवलेले. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, माँटॉकला, केप कॉडला, लोक रात्र रात्र कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून स्ट्राइप्ड बास नावाच्या माशासाठी हे प्लग फेकतात आणि या विषयातलं बरंचसं शहाणपण तिकडूनच आलेलं आहे. म्हणून सगळी वजनं औंसात. तीन औंस म्हणजे पंच्याऐंशी ग्रॅम. साडूंना फोनवर नीट अंदाज यावा म्हणून मी सराफाच्या हिशेबाने "साडेआठ तोळे भरतात" असं म्हणालो आणि स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकदम थांबला.

"कुणासाठी?" ही दारात.

"माशासाठी."

यानंतरचा आठवडा मी गाळतो.

ब्लँक म्हणजे नागडा रॉड. नुसती निमुळती पोकळ नळी. मूठ नाही, रीळ बसवायची जागा नाही, कड्या नाहीत. ते सगळं आपण दोरा गुंडाळून, इपॉक्सी लावून बांधायचं. नवख्याला वाटतं बांधणं अवघड असेल. बांधायला चिकाटी लागते आणि ती कोणत्याही मास्तरकडे असतेच. अवघड आहे ते नळी निवडणं, कारण पैसे नळीत जातात आणि ती चुकली की वरचा दोरा कितीही देखणा असला तरी उपयोग नाही.

आता मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. तेही लातुरात, जिथे पोरं पाळण्यात नीटची तयारी करतात. यंग्ज मॉड्युलस, म्हणजे माल मुळात किती ताठ ते सांगणारा आकडा, हा माझा हातखंडा धडा. त्यामुळे कॅटलॉगात मॉड्युलसचे आकडे दिसल्यावर मला घरचं माणूस भेटल्याचा आनंद झाला. काचतंतू साधारण साडेदहा दशलक्ष पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), नेहमीचा ग्राफाइट, म्हणजे कार्बनतंतू, तेहेतीस, त्याच्या वर महागडे. मॉड्युलस जास्त म्हणजे तेवढाच ताठपणा कमी मालात मिळतो, नळी पातळ आणि हलकी होते. इथवर पुस्तकात आहे. पुस्तकात नाही ते असं, की अंधारात खडकावर उभं असताना तीन औंसाचा प्लग झुलून त्याच पातळ नळीवर टाणकन आदळतो, तेव्हा काहीच दिसत नाही. नळी तुटते ती पुढच्या खेपेला, मासा लागल्यावर. काचतंतूची नळी असले मार हसत खाते, पण ती जड, आणि सोडल्यावर शेंडा बराच वेळ डुलत राहतो. मी हे वर्गात रंगवून सांगत होतो. पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "सर, हे परीक्षेला आहे का?"

लांबीचं तर विचारूच नका. लांब रॉड म्हणजे शेंड्याचा वेग जास्त, प्लग लांब जातो, शिवाय गळाचा दोरा लाटेच्या वर उचलून धरता येतो. पण एका टोकाला पकडलेल्या दांड्याचं वाकणं लांबीच्या घनात वाढतं. तीच जाडी, तोच माल ठेवून दहाचे अकरा फूट केले, तर तेवढ्याच वजनाला वाकणं तेहेतीस टक्क्यांनी वाढणार. म्हणून कारखानदार खालची बाजू जाड करतो. म्हणून ती जड होते. म्हणून फेकणाऱ्याचे खांदे भरून येतात. म्हणून तो दहा फुटांकडे वळतो. मग लाट मोठी येते आणि तो पुन्हा अकराकडे बघतो. केमिस्ट्रीचे सर स्टाफरूममध्ये म्हणाले, "साडेदहा घ्या ना." मी त्यांच्याशी दोन दिवस बोललो नाही, कारण मला ते आधी सुचायला हवं होतं.

आणि ब्लँकवर छापलेलं वजन! दोन ते सहा औंस. वाचणाऱ्याला वाटतं, या दोन आकड्यांच्या मध्ये काहीही लटकवा. दोन औंसाला ही काडी वाकत नाही, म्हणजे ताण भरत नाही, म्हणजे फेकणारे तुम्ही एकटे, रॉड नुसता सोबतीला आलेला. सहा औंसाला ती एवढी वाकते की जोरात झटका द्यायची छाती होत नाही, हळूच लोटून द्यावं लागतं. शिवाय हा आकडा पुष्कळदा शिशाचं वजन डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेला असतो. शिसं वारा कापत जातं, लाकडी मासा वाऱ्याशी भांडत जातो. आमिष लावून रॉड वाळूत खोचून ठेवणाऱ्याची गोष्ट वेगळी, तो खुर्चीत बसून चहा पितो. प्लगवाल्याला रॉड रात्रभर हातात धरून पुन्हा पुन्हा फेकायचा असतो. माझ्या मते वरच्या आकड्याच्या पुष्कळ अलीकडे, साडेतीन-चारच्या आसपास, असा ब्लँक सुखाने नांदतो. छापणाऱ्यांनी तेवढंच छापावं, पण मग खपणार कसा?

या आकड्यांना कंटाळून विल्यम हॅनेमन नावाच्या एका अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने सरळ उपाय काढला. रॉड आडवा बांधायचा, शेंड्याला पिशवी अडकवायची आणि शेंडा रॉडच्या लांबीच्या एक तृतीयांश खाली येईपर्यंत पिशवीत एक-एक सेंटची नाणी टाकायची. जितकं वजन, तितकी ताकद. कंपनी काय म्हणते याच्याशी देणंघेणं नाही. मला ही पद्धत फार आवडली. साडूंनी उसने दोन रॉड पाठवायचं कबूल केलं, एक हिरवा काचतंतूचा, अकरा फुटी अखंड, दुसरा काळा ग्राफाइटचा, दहा फुटी, दोन तुकड्यांचा.

पाठवायचे कसे? पीव्हीसी पाइपात घालून, दोन्हीकडे बूच मारून, ट्रॅव्हल्सने. आता बसची रुंदी साडेआठ फूट, त्यामुळे अकरा फुटी पाइप डिकीत आडवा मावत नाही. तो कोल्हापूरपासून टपावर झोपून आला. मी पहाटे तो खांद्यावर घेऊन गल्लीत शिरलो तर समोरचे काका दात घासत गेटवर.

"सर, बोअर घेतला का?"

"नाही, काका, हे..."

"किती फुटाला लागलं?"

दुपारपर्यंत गल्लीतल्या तिघांनी पाण्याची चौकशी केली आणि एकाने पाणाड्याचा नंबर मागितला. लातुरात दारात पाइप दिसला की माणसाला दुसरं काही सुचत नाही आणि त्यात त्यांचं चुकतही नाही.

नाण्यांसाठी किराणावाल्याकडे गेलो. रुपयाची पिशवीभर नाणी पाहिजेत म्हटल्यावर त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि "सुट्टे कुठले, सर? चॉकलेटं चालतील का?" असं विचारलं. अखेर हिने डबा दिला. पण रुपयाही एकजात नाही. नव्वदीतला मोठा रुपया ४.८५ ग्रॅमचा, २०११ नंतरचा छोटा ३.७९ ग्रॅमचा. मी गच्चीवर दोन ढीग केले, हिरव्या रॉडची मूठ टाकीच्या लोखंडी स्टँडला बांधली, शेंड्याला मिठाची रिकामी पिशवी अडकवली आणि पट्टीवर तीन फूट आठ इंचांची खूण करून नाणी टाकू लागलो. शेंडा एकेका रुपयाला किंचित झुकायचा, थरथरायचा, थांबायचा. खूण जवळ आली आणि पिशवीचा बंद सुटला. पुढचा अर्धा तास गल्लीतली पोरं माझ्यासाठी रुपये गोळा करत होती. सगळे परत आले असं मी म्हणणार नाही.

तेव्हा ठरवलं, मोजमाप बास, फेकून बघायचं. औशाजवळ मित्राचं शेत आहे. सोयाबीन निघालं होतं, रान मोकळं होतं. तीन औंसाच्या प्लगचे गळ काढले, रीळ चढवलं आणि आळीपाळीने दोन्ही रॉडनी फेकायला सुरुवात केली. बांधावर गडी येऊन बसला.

"सर, काय करायलाव?"

"रॉड बघायलोय."

"मासे हितं कुठले?"

"मासे नाहीत, मामा. नुसतं फेकायचंय."

त्यांनी तंबाखू मळली. बराच वेळ बघितल्यावर म्हणाले, "हिरव्यानं टाकल्यावर मासा सरळ जायलाय. काळ्यानं टाकलं की गिरक्या घ्यायलाय."

नाणी, मॉड्युलस आणि घन करून मी जिथे पोचलो नव्हतो तिथे मामा बांधावर बसून पोचले. बहुतेक प्लगचं वजन शेपटीकडे असतं, तो शेपूट पुढे करून उडतो. ताठ, चपळ शेंड्याने फटकारा दिला की त्याला तोल सावरायला वेळ मिळत नाही, तो कोलांट्या खातो आणि वारा त्याचं बोचकं करून खाली टाकतो. मधल्या भागापर्यंत सावकाश वाकणारा रॉड त्याला ढकलत नेतो. पुन्हा पाण्यावर उभा नाचणारा पेन्सिल पॉपर नावाचा प्लग खेळवायलाही मऊ शेंडाच लागतो. पण हिरव्याने तासभर फेकल्यावर माझा उजवा खांदा स्वतंत्र मराठवाड्याची मागणी करू लागला. तेवढ्यात शेतावरच्या कुत्र्याने प्लग पळवला. तो परत मिळाला, डोक्यावर चार दातांच्या खुणांसकट. त्या प्लगला आजवर झालेला तो एकमेव दंश.

म्हणजे ग्राफाइटच, पण सावकाश वाकणारा. साडेदहा फूट, दोन ते पाच औंस, दोन तुकड्यांचा, खालचा आखूड आणि वरचा लांब, म्हणजे सांधा वाकणाऱ्या भागात येत नाही आणि मोठा तुकडा ट्रॅव्हल्सच्या डिकीत आडवा बसतो. केमिस्ट्रीच्या सरांना मी अजून लांबी सांगितलेली नाही.

ऑर्डर देताना दुकानदाराने फोनवर विचारलं, रीळ बुडापासून किती अंतरावर घेणार? ते ज्याच्या त्याच्या हातावर असतं. बूड काखेत धरून हात सरळ केला की पंजा जिथे पडतो तिथे रीळ. घरी हिला टेप धरायला सांगायची सोय नव्हती, म्हणून टेलरकडे गेलो. त्याने काखेपासून पंजापर्यंत माप घेतलं, वहीत लिहिलं आणि पेन्सिल कानावर ठेवत विचारलं, "कापड आणलंय का आपल्यातलंच बघायचं?"