पेशंटचं करायला बाई पाहिजे

घरातलं माणूस आडवं पडलं की पेशंट सांभाळायला घरी बाई पाठवणाऱ्या ब्युरोंचे नंबर तासाभरात गोळा होतात. एक वॉर्डबॉय देतो, एक मेडिकलवाला देतो, सोसायटीच्या ग्रुपवर अकरा येतात आणि त्यातले चार एकाच माणसाचे निघतात. डिस्चार्ज उद्या दुपारी. म्हणजे नीट पारखून ब्युरो निवडायला तुमच्या हाती आजची अख्खी रात्र आहे. माझ्या सासूबाईंना पॅरालिसिसचा झटका आल्याला सव्वा वर्ष झालं. तेवढ्यात आम्ही कोथरूडच्या दोन खोल्यांत तीन ब्युरो आणि नऊ मावश्या पचवल्या. त्या अधिकारात सांगते, ऐका.

आधी तारे बघा. साडेचारच्या खालच्या ब्युरोला फोनसुद्धा लावू नका. आमच्या तिसऱ्या ब्युरोला ४.९ आहेत आणि त्यातले पाच माझे आहेत, पण त्याविषयी नंतर.

मग विचारा, ‘तुम्ही रजिस्टर्ड आहात का?’ पलीकडून ताबडतोब ‘हो मॅडम’ येईल आणि ते खरंही असेल, कारण गुमास्ता, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचा कागद, असतो. गुमास्ता झेरॉक्सवाल्याकडेही असतो आणि भेळवाल्याकडेही असतो. दुकान उघडलंय एवढं त्यावरून कळतं. पेशंट कुशीवर कसा वळवायचा हे आत कुणाला येतं का, याच्याशी त्या कागदाचा संबंध नाही. तसा संबंध जोडायचा विचार सरकारने एकदा केला होता. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं आणि घरी येऊन सेवा देणाऱ्या संस्थांनाही नोंदणी लावायचं त्यात होतं. २०२४ ला ती लोकसभाच विसर्जित झाली आणि विधेयक तिच्याबरोबर गेलं. तेव्हा तुम्ही निश्चिंत मनाने गुमास्त्याचा फोटो मागवा आणि तो फॅमिली ग्रुपवर टाका. अमेरिकेतल्या दिरांना बरं वाटतं.

पुढचा प्रश्न, ‘सिस्टर ट्रेंड आहे ना?’ इथेच थांबायचं. कसली ट्रेंड, असं विचारणं असभ्यपणाचं आहे. जीएनएम म्हणजे तीन वर्षं नर्सिंग शिकलेली, एएनएम म्हणजे दोन वर्षं, दोघींकडेही नर्सिंग कौन्सिलचा नंबर असतो. जीडीए म्हणजे पेशंटच्या मदतनिसाचा काही महिन्यांचा कोर्स. आणि चौथा प्रकार म्हणजे परवापर्यंत शेजारच्या मंगल कार्यालयात पोळ्या लाटणारी. ब्युरोच्या फोनवर या चौघींचं नाव एकच, सिस्टर. नंबर मागितलात तर तुम्हाला फरक कळेल, आणि फरक कळला की दरातला फरकही कळेल. कशाला उगाच.

आता मावशी दारात आल्या. त्यांची मुलाखत आपण मराठी माणसं फार बारकाईने घेतो, त्यात मला काही शिकवायचं नाही. आडनाव काय, गाव कुठलं, आपल्यातल्याच का (हे सरळ विचारायचं नसतं, ‘तुमच्याकडे सणावाराला काय काय करतात’ असं विचारायचं), नॉनव्हेज खाता का, मोबाईलवर किती बोलता, पेशंट झोपला की दोन भांडी विसळाल ना. आमच्या घरात हे सगळं एका चहात झालं. चहा वेगळ्या कपात होता, हे मी सांगणार नव्हते. नाकातून पोटात जाणाऱ्या राईल्स ट्यूबमधून भरवताना डोक्याकडची बाजू किती वर घ्यायची, युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, कॉटच्या वर ठेवायची की खाली, हे कुणीच विचारलं नाही. आम्हालाही माहीत नव्हतं ना. पहिल्या आठवड्यात मावशींनी सासूबाईंना आडवंच ठेवून दूध सोडलं, त्यांना जोराचा ठसका लागला, ओठ निळे पडले, तेव्हा डॉक्टरांकडून कळलं की पलंग तीस-पंचेचाळीस अंश तरी वर हवा आणि भरवून झाल्यावरही अर्धा-पाऊण तास तसाच ठेवायला हवा. मावशींचं आडनाव मात्र एकदम चांगलं होतं.

कामाची वही ठेवतात का, हे जरूर बघा. चांगल्या ब्युरोची वही छापील असते, वर लोगो असतो, दर दोन तासांनी डावी कूस-उजवी कूस, बीपी, लघवी, सही असे रकाने असतात. आमची वही पाहून शेजारचे काका भारावले होते. एका मंगळवारी रात्री नऊला मी ती सहज उघडली तर बुधवारची दुपार लिहून झालेली होती. ‘१२ वा. डावी कूस. २ वा. उजवी कूस. बीपी १२०/८०. पेशंट आनंदी.’ सासूबाईंचं बीपी १२०/८० कधी होतं हे त्यांनाही आठवणार नाही, आणि आनंदीचं तर मी लग्न होऊन आल्यापासून ऐकलं नव्हतं. पण अक्षर सुंदर होतं. मी वही मिटून ठेवली.

करारपत्र वाचू नका, सही करा. वाचलंच तर ठळक अक्षरातलं एक कलम दिसेल: ब्युरोची बाई परस्पर कामाला ठेवल्यास दोन महिन्यांचे पैसे दंड. पेशंटला जखम झाल्यास काय, याचं कलम शोधत बसू नका. रिप्लेसमेंटची हमी मात्र असते आणि ती पाळलीही जाते. पहिल्या ब्युरोशी भांडण करून आम्ही दुसऱ्याकडे गेलो, दिवसाला दीडशे रुपये जास्त मोजून ‘सीनियर’ मागवली. सकाळी आठला बेल वाजली, दार उघडलं, तर आम्ही काढलेल्याच मावशी! ॲप्रन निळ्याचा गुलाबी झाला होता एवढंच. “अगंबाई ताई, तुम्हीच होय,” म्हणाल्या, आणि सरळ आत जाऊन आपल्या नेहमीच्या खुंटीला पिशवी अडकवली.

चोवीस तासांची बाई घेणं केव्हाही परवडतं. दोन तासांनी एक कूस म्हणजे दिवसरात्रीत बारा वेळा वळवणं, अधेमधे डायपर, भरवणं, औषधं. ती झोपते कधी, असं गणित मांडायला गेलात तर तुमचीच झोप जाईल. सुपरवायझर पंधरा दिवसांनी येतो, पेशंटबरोबर सेल्फी काढतो आणि जातो. तो आला की पडदे उघडा, फोटो चांगला येतो.

आठव्या मावशी गावाला गेल्या तेव्हा दोन दिवसांच्या बदलीवर लातूरकडच्या एक बाई आल्या. ॲप्रन नाही, आयकार्ड नाही, वहीकडे त्यांनी पाहिलंही नाही. आल्याआल्या हात धुतले, सासूबाईंना म्हणाल्या, “आजी, जरा कुशीवर घेते हं,” आणि पाठ बघितली. माकडहाडावर आठ आण्याएवढा लाल डाग होता. त्यावर बोट दाबून उचललं. “हे बघा ताई. दाबल्यावर पांढरं पडाया पाहिजे. पडंना. आत लागलंय.” मग जुनं सुती लुगडं मागितलं, चौपदरी घडी करून खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली सरकवलं आणि त्याच्या कडा धरून आजींना फरफटू न देता वर घेतलं. एकेका कुशीला लुगडं पुन्हा नीट करत. रात्री दोनला आणि चारला मी उठून पाहिलं. त्या जाग्या होत्या, घड्याळाकडे तोंड करून बसलेल्या.

दुसऱ्या दिवशी मी एक घोडचूक केली. ती तुम्ही करू नका. मी त्यांना विचारलं, तुम्हाला हातात किती मिळतात? आम्ही दिवसाचे अकराशे देत होतो. त्यांना सातशे मिळत होते आणि पहिला आठवडा ब्युरोकडे अडकलेला. हे कळल्यावर आम्ही काय केलं? ब्युरोला फोन केला आणि दर कमी करा म्हटलं.

ब्युरोने अर्थातच त्यांना दुसऱ्या पेशंटकडे पाठवलं. जाताना मी हळूच म्हटलं, मावशी, इथेच राहता का. त्यांनी दाराबाहेर बघितलं. “ब्युरोला विचारा ताई. माझं नाव नका सांगू.” लुगडं धुऊन, वाळवून, घडी घालून कॉटच्या कडेला ठेवलं होतं.

संध्याकाळी ब्युरोचा मेसेज आला: आमची सेवा कशी वाटली? खाली पाच रिकामे तारे. पाठोपाठ मालकांचा फोन, “मॅडम, तेवढं रेटिंग टाका ना, उद्याची सिस्टर बघतोच आहे मी.” डाग अजून पांढरा पडत नव्हता, मला नऊला ऑफिस होतं आणि आठला कोण येणार याचा पत्ता नव्हता. मी पाचही तारे भरले आणि खाली लिहिलं, ‘पेशंट आनंदी.’