अप्पांना त्या माणसाच्या पंगतीत बसवू नका

आज सकाळी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या चुलत भावाने एक व्हिडिओ टाकला. अमेरिकेतल्या ॲलेक्स जोन्सचा. खाली लिहिलं होतं, "याला म्हणतात डोकं. दीड अब्ज डॉलरचं देणं डोक्यावर, तरी दिवाळखोरी जाहीर करून रोज कॅमेऱ्यासमोर बसून कमावतोय. नाहीतर आपले काका, चौदा वर्षं लोकांचे पैसे फेडत बसले." पुढे दोन हसऱ्या इमोजी.

ते काका म्हणजे माझे अप्पा. अप्पा त्याच ग्रुपवर आहेत. त्यांनी मेसेज वाचला हे मला लगेच कळलं, कारण पाच मिनिटांत खाली त्यांची हात जोडलेली इमोजी आली. वाढदिवस असो की कुणी गेल्याची बातमी, ते तीच टाकतात. मी ऑफिसात होते, समोर एका क्लायंटच्या रिटर्नची फाईल उघडी होती. त्यानंतर तासभर मला एक आकडा धड जुळवता आला नाही.

दादा, तू हे वाचणार आहेस. वाचच.

आधी तो माणूस कोण, ते सांगते. १४ डिसेंबर २०१२ ला कनेक्टिकटमधल्या न्यूटाउन गावात सँडी हूक नावाच्या शाळेत एकाने गोळीबार केला. वीस मुलं गेली, सहा-सात वर्षांची. शाळेतली सहा मोठी माणसं गेली. आणि हा जोन्स टेक्सासात ऑस्टिनला बसून, इन्फोवॉर्स नावाच्या आपल्या कार्यक्रमात वर्षानुवर्षं सांगत राहिला की असं काही घडलंच नाही, हे सगळं नाटक आहे, ते आईबाप म्हणजे भाड्याने आणलेले नट आहेत. ऐकणाऱ्यांनी ते खरं मानलं. त्या आईबापांना धमक्या आल्या. एका बापाने कोर्टात सांगितलं की 'तुमच्या मुलाच्या थडग्यावर मी लघवी केली', असं कुणीतरी त्यांना लिहून कळवलं होतं. हे टाइप करताना माझ्या अंगावर काटा येतोय.

आणि कार्यक्रमाच्या मध्ये मध्ये तो काय विकायचा? व्हिटॅमिनच्या गोळ्या, शक्तीच्या पावडरी. २०१८ मध्ये काही दिवस असे होते की दिवसाला आठ लाख डॉलरचा गल्ला जमत होता. त्या कुटुंबांनी पुढे टेक्सासात आणि कनेक्टिकटमध्ये त्याच्यावर बदनामीचे खटले भरले. हे टेक्सासच्या खटल्यात बाहेर आलं, कारण त्याच्याच वकिलांनी त्याच्या फोनमधला मजकूर चुकून समोरच्या वकिलाला पाठवून दिला. त्याच खटल्यात तो स्वतःच्या तोंडाने म्हणाला की ती घटना शंभर टक्के खरी होती. दहा वर्षांनी!

दादा, याला तू "डोकं" म्हणतोस.

आता अप्पांचं सांगते. इचलकरंजीत भाड्याच्या शेडमध्ये आमचे आठ माग होते. साधे माग, खर्चीवर चालायचे, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, आपल्याला नुसती विणाईची मजुरी. १९९५ च्या सुमाराला एका व्यापाऱ्याने अप्पांना भरीला घातलं की सूत तुम्हीच उधारीवर उचला, कापड मी घेतो, चार पैसे जास्त सुटतील. वर्षभर सुटलेही. मग मंदी आली आणि त्या व्यापाऱ्याने हात वर केले. बंगला बायकोच्या नावावर, गाडी मेव्हण्याच्या नावावर. अप्पा त्याच्या दारात गेले तेव्हा तो झोपाळ्यावर बसून पान लावत होता. अप्पांच्या डोक्यावर तीन लाख बारा हजारांचं देणं राहिलं. १९९६ साल.

अप्पांनी माग भंगारात वजनावर विकले. त्याच रात्री एक निळ्या कव्हरची शंभर पानी वही घेतली आणि त्यात सत्तावीस नावं लिहिली. पहिलं नाव कांड्या भरणाऱ्या, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळून देणाऱ्या मावशीचं, मग चार कामगार, मग किराणा दुकानदार, मग सूतवाला, आणि सगळ्यांत शेवटी पतसंस्था. आईने विचारलं, पतसंस्था शेवटी का, ते तर सारखे दारात येतायत. अप्पा म्हणाले, "त्यांच्या घरची चूल त्यावर पेटत नाही."

सीएच्या ऑफिसात वीस वर्षं काढल्यावर मला कळलं की कायदा जवळपास हेच म्हणतो. दिवाळखोरीत कुणाचं देणं आधी, कुणाचं नंतर याची उतरंड ठरलेली असते आणि कामगाराची मजुरी वरच्या पायऱ्यांवर असते. अप्पांना कलम-बिलम माहीत नव्हतं. सातवी शिकलेला माणूस.

आता दिवाळखोरीबद्दल. अमेरिकेत ती दोन प्रकारे येते असं ढोबळ समजा. एकात, म्हणजे चॅप्टर ११ मध्ये, कारभार तुमच्याच हातात राहतो आणि तुम्ही कोर्टाला सांगता की मी असं असं फेडीन. दुसऱ्यात, चॅप्टर ७ मध्ये, कोर्टाने नेमलेला विश्वस्त येतो, विकण्यासारखं असेल ते विकून वाटतो आणि उरलेल्या देण्यातून तुमची सुटका होते. अर्ज दाखल केला की त्या क्षणी जवळपास सगळी वसुली थांबते. ही सोय कुणासाठी आहे? ज्याचा धंदा बुडाला, ज्याच्या घरात आजारपण आलं, ज्याला फसवलं गेलं, त्याच्यासाठी. अप्पांसारख्यांसाठी. मला ही सोय मनापासून पटते. आपल्याकडे ती धडपणे असायला हवी होती.

जोन्सने तिचं काय केलं बघा. एप्रिल २०२२ मध्ये टेक्सासचा खटला तोंडावर आला असताना त्याने तीन छोट्या कंपन्यांची दिवाळखोरी दाखल केली आणि खटला लांबला. जुलैमध्ये खटला चालू असतानाच मुख्य कंपनीची दाखल केली. टेक्सासच्या ज्युरीने जवळपास पाच कोटी डॉलरची भरपाई लावली. ऑक्टोबरमध्ये कनेक्टिकटच्या ज्युरीने आठ कुटुंबं आणि एका एफबीआय एजंटला मिळून ९६ कोटी ५० लाख डॉलर दिले, न्यायाधीशांनी वर आणखी ४७ कोटी ३० लाख दंडाचे चढवले. मग २ डिसेंबर २०२२ ला हा स्वतःच दिवाळखोर म्हणून ह्यूस्टनच्या कोर्टात उभा राहिला. आणि त्याच्या कंपनीच्या वह्यांत सगळ्यांत मोठं देणं कुणाचं? पाच कोटी चाळीस लाख डॉलर, दुसऱ्या एका कंपनीचे. तिचे मालक तो स्वतः आणि त्याचे आईवडील!

हे वाचलं तेव्हा मला तो झोपाळा आठवला.

हो, मान्य, दीड अब्ज डॉलर एकटा माणूस सात जन्मांत फेडू शकत नाही. कनेक्टिकटच्या अपील कोर्टानेही डिसेंबर २०२४ मध्ये त्यातले १५ कोटी कमी केले. पण त्या कुटुंबांनी काय मागितलं होतं ते बघा ना. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी स्वतःहून सांगितलं की दहा वर्षं वर्षाला किमान ८५ लाख डॉलर द्या, आपण मिटवू. म्हणजे रुपयातले सहा पैसे. तेही जमलं नाही. आमच्या सूतवाल्याने २००३ मध्ये अप्पांना सांगितलं होतं, व्याज सोडा, नुसतं मुद्दल द्या. अप्पा त्या दिवशी घरी येऊन न बोलता जेवले आणि पानावरून उठताना आईला म्हणाले, "माणूस चांगला आहे गं." याच माणसाने आमच्यावर कोर्टाचा हुकूमनामा आणला होता!

त्या हुकूमनाम्याचा दिवस मला लख्ख आठवतो. मी सहावीत होते. बेलिफ आला, सोबत दोन पंच. टीव्ही, टेबल फॅन आणि अप्पांची सायकल यादीवर चढली. आई घाबरून भांडी बाहेर काढून ठेवायला लागली. तो बेलिफ हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, भांडी आत असू द्या. त्यांना हात लावायचा नसतो. आणि गळ्यातलं झाका." पुढे कधीतरी दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० वाचनात आलं. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, आणि धर्माच्या चालीप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाही असा दागिना, हे जप्त करता येत नाही. ते वाचून मी ऑफिसात रडले होते. इंग्रजांच्या काळातल्या कायद्यात आईचं मंगळसूत्र होतं.

(पाटल्या मात्र त्यात बसत नाहीत. त्या आईने आधीच स्वतःहून मोडल्या होत्या.)

टेक्सासात मात्र राहतं घर, मग ते कितीही किमतीचं असो, बहुतेक देण्यांपासून सुरक्षित असतं. या गृहस्थाचं घर साधारण २६ लाख डॉलरचं, ते त्याला राहिलं. तिथे पोटगीसारखे अपवाद सोडले तर साध्या देण्यासाठी पगारावरही टाच आणता येत नाही. आणि दिवाळखोरीत असताना, २०२३ च्या एकट्या जुलै महिन्यात, त्याचा खर्च ९३ हजार डॉलर. त्यात घरकामावर ७,९०० आणि खाण्यापिण्यावर व करमणुकीवर ६,३००. त्या आईबापांच्या वकिलांनी हा हिशोब कोर्टापुढे मांडला तेव्हा त्यांना काय वाटलं असेल! आमच्या घरातून टेबल फॅन गेला त्या मे महिन्यात आई रात्री ओला पंचा आमच्या अंगावर टाकायची.

दादा, पण तुझं मुख्य म्हणणंच चुकीचं आहे. तो सुटलेला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये दिवाळखोरी कोर्टाचे न्यायाधीश ख्रिस्तोफर लोपेझ यांनी निकाल दिला की यातलं ११० कोटी डॉलरच्या वरचं देणं दिवाळखोरीतूनही पुसलं जाणार नाही. कारण तिथला कायदा सांगतो की जाणूनबुजून, दुष्टपणे कुणाला इजा केली असेल तर त्या देण्याला माफी नाही. ते मरेपर्यंत मागे राहणार. जून २०२४ मध्ये त्याचं प्रकरण चॅप्टर ७ मध्ये गेलं, विश्वस्त आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचं कनेक्टिकटचं अपील ऐकायलाच नकार दिला.

मग तरी तो कमावतो कसा? खरी गोम इथेच आहे आणि आमच्या धंद्यातल्या लोकांनाही ती अजून नीट उमगलेली नाही. अप्पांचे माग भंगारवाल्याच्या काट्यावर चढले, भाव ठरला, पैसे वाटले गेले. इंटरनेटवर कॅमेऱ्यासमोर बोलून कमावणाऱ्या स्ट्रीमरचं काय चढवायचं काट्यावर? स्टुडिओतले कॅमेरे आणि टेबलं विकता येतात. पण त्याचा आवाज, त्याचं तोंड, त्याला ऐकणारे लाखो लोक? विश्वस्ताने नोव्हेंबर २०२४ मध्ये इन्फोवॉर्सचा लिलाव केला. द ओनियन या विडंबन करणाऱ्यांनी काही कुटुंबांच्या पाठिंब्यावर बोली जिंकली आणि न्यायाधीशांनी डिसेंबरमध्ये ती रद्द केली. त्यात एक्स (पूर्वीचं ट्विटर) कंपनी मध्ये पडली की आमच्याकडची खाती ही आमची, ती तुम्हाला विकता येणार नाहीत. आणि चॅप्टर ७ मध्ये अर्जानंतर माणूस जे नव्याने कमावतो ते विश्वस्ताच्या पोतडीत जात नाही. ज्यांचं देणं माफ झालेलं नाही त्यांनी त्या कमाईच्या मागे स्वतंत्रपणे धावायचं. मुलं गमावलेल्या माणसांनी. खटल्यावर खटला.

आपल्याकडे तर आणखीच गोंधळ. २०१६ चा दिवाळखोरीचा कायदा मोठा गाजला, पण साध्या माणसाच्या वैयक्तिक दिवाळखोरीचा त्यातला भाग, कंपन्यांचे जामीनदार सोडले तर, अजून लागूच केलेला नाही. म्हणून मुंबईत १९०९ चा कायदा आणि इचलकरंजीसारख्या गावांत १९२० चा नादारीचा कायदा. पाचशे रुपयांचं देणं असलं की अर्ज करता येतो असं त्यात लिहिलंय. उद्या आपल्याकडचा एखादा यूट्यूबर बुडाला तर त्याच्या चॅनेलचा हिशोब आपण शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्याने करणार!

अप्पांनीही नादारीचा अर्ज केला असता तर कदाचित लवकर मोकळे झाले असते. एका वकिलाने त्यांना तसं सांगितलंही होतं. त्याची किंमत आम्ही मोजली, हे मी नाकारत नाही. माझा भाऊ बारावीनंतर कामाला लागला. अप्पा स्वतःचे माग गेल्यावर दुसऱ्याच्या शेडमध्ये जॉबर म्हणून, म्हणजे माग दुरुस्त करायला, रात्रपाळी करायचे, पहाटे यायचे तेव्हा भुवयांवर सुताचा पांढरा भुरका असायचा. कुणी आज तशा अवस्थेत असेल तर त्याने अर्ज करावा, मी स्वतः कागदं काढून देईन. त्यात कसलीही लाज नाही. मला राग येतो तो झोपाळ्यावर बसलेल्याचा, आणि त्याला हुशार म्हणणाऱ्यांचा.

दुपारी दादाचा फोन आला. मेसेज काढून टाकलाय म्हणाला, काकांना फोन करतो म्हणाला. मी चढ्या आवाजात बोलले त्याच्याशी, आता वाईट वाटतंय. बेलिफ आला त्या दिवशी मला आणि भावाला सायकलवर डबलसीट-ट्रिपलसीट करून आपल्या घरी घेऊन गेलेला हाच दादा. तेव्हा तो नववीत होता.

संध्याकाळी अप्पांना फोन केला. वाटलं होतं दुखावले असतील. त्यांनी दादाचं नावही काढलं नाही. विचारलं, "त्या शाळेतली पोरं केवढी होती गं?" सांगितलं, पहिलीतली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या त्या फेसबुकावर माणसं सापडतात ना?"

निळ्या वहीत सत्तावीस नावं आहेत, सव्वीस नावांपुढे लाल पेनाची खूण आहे. शेवटची खूण २०१० च्या पाडव्याची. पहिल्याच ओळीपुढे खूण नाही. मावशी १९९६ मध्येच गावी निघून गेली आणि अप्पा पैसे घेऊन तिच्या खोलीवर गेले तोवर तिथे दुसरं बिऱ्हाड आलं होतं. पुढे दोनदा चिक्कोडीला जाऊन आले, पत्ता लागला नाही.

तेव्हा, इचलकरंजीत १९९३ ते ९६ मध्ये मागावर कांड्या भरायला येणारी, चिक्कोडीकडची, डाव्या मनगटावर तुळशीवृंदावन गोंदलेली, सोबत एक लहान मुलगा असायचा, अशी बाई कुणाच्या माहितीत असेल तर मला मेसेज करा. ती नसेल तर तो मुलगा, आता चाळिशीत असेल. अप्पांच्या वहीत त्यांचे १,८४० रुपये आहेत.